उष्णता-सहिष्णुता, वनस्पतींची

नेहमीच्या वाढीस पोषक असलेल्या तापमानाहून बरेच अधिक तापमान असताना तगून राहण्याची वनस्पतींची क्षमता. प्राणी उन्हापासून सावलीत किंवा बिळात जाऊ शकतो. वनस्पती जागच्या जागी खिळलेली असल्याने तिला दुपारचे ऊन, तापलेली जमीन व उष्ण वारे यांना आहे तेथेच तोंड द्यावे लागते. त्यासाठी तिच्यापुढे दोन मार्ग असतात : शरीर तापू न देणे (उष्णतेचा परिहार) आणि तापलेल्या शरीरातील जीवद्रव्य शाबूत राखणे (उष्णता-सहन). ताणाला दिल्या जाणाऱ्या प्रतिसादांचे असे वर्गीकरण अमेरिकन वनस्पतिशास्त्रज्ञ जेकब लेव्हिट यांच्या १९७२ मधील ग्रंथामुळे रूढ झाले. पहिल्या मार्गाला पाणी लागते, तर दुसऱ्याला कोशिकांची (पेशींची) विशेष घडण लागते. कोणती वनस्पती कोणता मार्ग धरते हे मुख्यतः तिला किती पाणी मिळते यावर अवलंबून असते.

मर्यादा : वनस्पतींच्या वाढीची वरची तापमान मर्यादा कोणती याचा पद्धतशीर अभ्यास जर्मन शरीरक्रियावैज्ञानिक यूलिउस फोन झाक्स यांनी १८६४ मध्ये प्रसिद्ध केला. त्यानंतर झालेल्या मोजमापांवरून असे दिसते की, बहुसंख्य फुलझाडांची पाने ४५° ते ५५° से. तापमानात अर्धा तास राहिल्यास त्यांना कायमची इजा होते. निवडुंग व घायपात यांसारख्या मांसल वनस्पती याला अपवाद आहेत. हळूहळू सरावल्यावर त्यांच्या काही जाती ६०° से.हून अधिक तापमान तासभर सहन करतात. उन्हाळ्याच्या झऱ्यांतील (गरम पाण्याच्या झऱ्यांतील) सायनिडियम हे शैवल सुमारे ५५° से. पर्यंत वाढते. कोरड्या बीजाची सहनशक्ती मात्र याहून पुष्कळच अधिक असते. त्यात पाणी अत्यल्प असल्याने जीवद्रव्यातील विक्रिया जवळजवळ थांबलेल्या असतात व प्रथिनांची रचना सहजासहजी बिघडत नाही. तेच बीज भिजून अंकुरले की, ही शक्ती झपाट्याने नाहीशी होते.

या फरकाचा व्यवहारात उपयोग करून घेण्यात आला आहे. गव्हाच्या काणी रोगाचे कवक बीजाच्या गर्भात सुप्त असते, त्यामुळे बाहेरून औषध चोळून ते मरत नाही. जे. सी. लूथ्रा व ए. सत्तार यांनी १९३४ मध्ये पंजाबात सुचविलेल्या पद्धतीत मे–जून महिन्यांत बियाणे सकाळी सुमारे चार तास पाण्यात भिजवून नंतर दुपारच्या कडक उन्हात पातळ पसरून वाळवितात. भिजल्यामुळे जागे झालेले कवक उष्णतेने मरते. बीज मात्र अंकुरण्यापूर्वीच वाळून सुरक्षित राहते.

उष्णतेचे परिणाम : तापमान वाढले की, प्रथम कोशिकेतील पटले अधिक प्रवाही होतात व त्यांतून लवणे बाहेर झिरपू लागतात. प्रथिनांच्या घड्या उलगडतात, उलगडलेली प्रथिने एकमेकांना चिकटून त्यांचे गोळे बनतात आणि एंझाइमे (जीवरासायनिक विक्रिया घडवून आणणारी प्रथिने) निकामी होतात. या सर्व क्रियांत प्रकाशसंश्लेषण सर्वांत आधी मंदावते. हवेतील कार्बन डाय-ऑक्साइड पकडणाऱ्या रुबिस्को या एंझाइमाला कार्यक्षम ठेवणारे रुबिस्को ॲक्टिव्हेज हे दुसरे प्रथिन अनेक वनस्पतींत ३५° ते ४०° से. च्या पलीकडे बिघडू लागते. शिवाय तापमानाबरोबर रुबिस्को कार्बन डाय-ऑक्साइडाऐवजी ऑक्सिजन पकडण्याची चूक अधिक प्रमाणात करते आणि तयार झालेल्या अन्नाचा काही भाग प्रकाशश्वसनात वाया जातो. याच वेळी श्वसनाचा वेग मात्र वाढत राहतो. म्हणजे मिळकत घटते व खर्च वाढतो. असे दीर्घकाळ चालल्यास वनस्पती करपली नाही, तरी आतून खंगत जाते.

मका, ज्वारी, बाजरी व ऊस या वनस्पतींत रुबिस्कोभोवती कार्बन डाय-ऑक्साइडाचा साठा करण्याची यंत्रणा असल्याने प्रकाशश्वसनाची ही हानी फार थोडी होते. उसाच्या पानांचा अभ्यास करून एम. डी. हॅच व सी. आर. स्लॅक यांनी १९६६ मध्ये या यंत्रणेचे विवरण केले. गहू, भात, हरभरा व सोयाबीन यांत ती नाही. कोरडवाहू मुलखात बाजरी-ज्वारी टिकते व गव्हाला मात्र हिवाळाच लागतो, यामागे हेही एक कारण आहे.

उष्णतेचा परिहार : पानाचे तापमान हवेच्या तापमानाइतकेच असते असे नाही. उन्हातील पान सूर्याची ऊर्जा शोषते व ती प्रारण (तरंगरूपाने ऊर्जा बाहेर टाकणे), वाऱ्याशी होणारे संवहन आणि बाष्पोच्छ्वास (पानांतून होणारे पाण्याचे बाष्पीभवन) या तीन वाटांनी बाहेर टाकते. ३०° से. तापमानात एक ग्रॅम पाण्याची वाफ होताना सुमारे ५८० कॅलरी उष्णता खर्च होते, म्हणून तिसरी वाट सर्वांत परिणामकारक ठरते. त्वग्रंध्रे (पानावरील सूक्ष्म छिद्रे) मिटल्यास रुंद पान शांत हवेत भोवतालच्या हवेपेक्षा १०° से. किंवा त्याहूनही अधिक तापू शकते.

बाष्पोच्छ्वासाने किती थंडावा मिळू शकतो, याचे ठळक उदाहरण जर्मन वनस्पतिशास्त्रज्ञ ओटो लांगे यांनी आफ्रिकेतील मॉरिटेनियाच्या वाळवंटात केलेल्या व १९५९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात आढळते. भारतातही रेताड जमिनीत सापडणाऱ्या कडू इंद्रावण या वेलीची पाने भर दुपारी हवेपेक्षा १०° ते १५° से. ने थंड असल्याचे त्यांना दिसले. विशेष म्हणजे या पानांची स्वतःची सहनशक्ती बेताचीच आहे. वाळवंटातील दुपारच्या हवेइतकी ती तापली, तर मरतील. वेलीचे जीवन खोल मुळांनी आणलेल्या पाण्यावरच अवलंबून असते आणि पाणीपुरवठा तुटला की, पाने घातक मर्यादेपलीकडे तापतात. याउलट त्याच प्रदेशातील खजुराची पाने हवेहून अधिक तापतात, परंतु त्यांची सहनमर्यादाही तितकीच उच्च असते. एकाच उन्हाला दिलेली ही दोन निरनिराळी उत्तरे आहेत.

वृक्षही निकडीच्या वेळी केवळ थंडाव्यासाठी पाणी खर्च करतात. ऑस्ट्रेलियातील सिडनीजवळ मोठ्या काचगृहांत वाढविलेल्या यूकॅलिप्टसाच्या झाडांना सलग चार दिवस ४३° से. हून अधिक तापमानात ठेवण्यात आले. २०१८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या या प्रयोगात प्रकाशसंश्लेषण जवळजवळ थांबले, तरी झाडांनी त्वग्रंध्रे पूर्णपणे मिटली नाहीत; बाष्पोच्छ्वास चालूच राहिला व पाने बचावली. एरवी अन्ननिर्मितीसाठी मोजावी लागणारी पाण्याची किंमत येथे अन्न न मिळताही मोजली गेली. जमिनीत ओल नसती, तर हा उपाय त्यांना उपलब्ध झाला नसता. उष्णता व अवर्षण एकत्र आल्यावर होणारी हानी त्या दोहोंच्या वेगवेगळ्या हानीच्या बेरजेहून मोठी का असते, हे यावरून समजते.

पाणी न खर्चता तापमान कमी राखण्याचे मार्ग मुख्यतः पानांच्या रचनेत आढळतात. बाभूळ, हिवर व शमी यांच्या संयुक्त पानांतील दले अगदी लहान असतात. लहान दलांभोवती स्थिर हवेचा थर पातळ राहतो आणि वारा त्यांची उष्णता चटकन वाहून नेतो. नेपतीच्या झुडपाला वर्षातील बराच काळ पानेच नसतात व प्रकाशसंश्लेषणाचे काम हिरव्या फांद्या करतात. रुईच्या कोवळ्या पानांवर पांढरी लव व मेणचट थर असून त्यांमुळे काही प्रकाश परावर्तित होतो. अमेरिकेच्या नैर्ऋत्य भागातील एन्सेलिया फॅरिनोजा या झुडपात तर ऋतूप्रमाणे पाने बदलतात. थंड व ओल्या दिवसांत येणारी पाने हिरवी व विरळ केसाळ असतात, तर उष्ण व कोरड्या दिवसांत येणारी पाने दाट केसांनी पांढरी दिसतात व फार कमी ऊर्जा शोषतात. जे. आर. एलेरिंगर व त्यांच्या सहकाऱ्यांनी १९७६ मध्ये याची मोजमापे प्रसिद्ध केली. मात्र परावर्तित झालेला प्रकाश अन्ननिर्मितीलाही मुकतो, म्हणजे याही उपायाला किंमत आहेच.

काही वनस्पती पानांची दिशा बदलतात. चवळी, उडीद व सोयाबीन यांची दले सकाळी किरणांना सामोरी असतात, पण पाणी कमी असताना दुपारी ती किरणांना समांतर होतात. ज्वारी व मका यांची पाने सुरळीसारखी गुंडाळली जातात. विदर्भातील शुष्क पानझडी वनांत सागाची झाडे उन्हाळ्यात पानेच गाळतात. पळस व पांगारा निष्पर्ण अवस्थेत फुलतात. तेरडा, टाकळा यांसारख्या पावसाळी वर्षायू वनस्पती उन्हाळा बीजरूपाने काढतात. त्या उष्णतेशी झगडतच नाहीत. याउलट थरच्या वाळवंटातील शमीला (खेजडी) उन्हाळ्यातच नवी पालवी येते, कारण तिची मुळे खोलवरच्या ओलीपर्यंत पोहोचलेली असतात. याच प्रदेशातील फलोदी येथे १९ मे २०१६ रोजी ५१° से. तापमानाची नोंद झाली होती. [→ मरुवनस्पति].

उष्णता-सहन : निवडुंग दिवसा त्वग्रंध्रे मिटून घेतात आणि रात्री उघडून कार्बन डाय-ऑक्साइड साठवितात. त्यामुळे पाणी वाचते, परंतु बाष्पोच्छ्वासाचा थंडावा मिळत नाही आणि मांसल खोड दुपारी हवेहून बरेच तापते. ज्याला पाणी राखावयाचे आहे त्याला ताप सोसावाच लागतो. म्हणूनच वनस्पतींतील सर्वांत उच्च सहनमर्यादा निवडुंगांत आढळतात.

कॅलिफोर्नियातील डेथ व्हॅलीत उन्हाळ्यात वाढणारी टाइडस्ट्रोमिया ऑब्लाँगिफोलिया ही वनस्पती सहनशक्तीच्या दृष्टीने उल्लेखनीय आहे. ओले ब्यर्कमन व त्यांच्या सहकाऱ्यांनी १९७२ मध्ये दाखवून दिले की, तिचे प्रकाशसंश्लेषण सुमारे ४७° से. तापमानात सर्वाधिक वेगाने चालते. या तापमानात बहुतेक पिकांचे प्रकाशसंश्लेषण पार कोलमडलेले असते. थंड हवामानात मात्र ही वनस्पती नीट वाढत नाही. उष्णतेसाठी घडलेली प्रथिने व पटले थंडीत अपुरी पडतात.

कोशिकेच्या पातळीवरील सहनशक्तीचे एक महत्त्वाचे साधन म्हणजे उष्माघात प्रथिने. इटालियन शास्त्रज्ञ फेरुच्चो रितोस्सा यांना १९६२ मध्ये फळमाशीच्या गुणसूत्रांवर उष्णतेमुळे विशिष्ट ठिकाणी फुगवटे येतात असे दिसले. पुढे १९७४ मध्ये त्यांच्याशी संबंधित प्रथिने ओळखण्यात आली. जो की व त्यांच्या सहकाऱ्यांनी १९८१ मध्ये सोयाबीनच्या रोपांत तशीच प्रथिने दाखविली. रोपे २८° से. वरून ४०° से. ला नेताच नेहमीच्या प्रथिनांची निर्मिती मंदावली व काही मिनिटांत उष्माघात प्रथिने तयार होऊ लागली. ही प्रथिने उलगडू लागलेल्या इतर प्रथिनांना धरून ठेवतात, त्यांचे गोळे होऊ देत नाहीत आणि तापमान उतरल्यावर त्यांच्या घड्या पुन्हा बसविण्यास मदत करतात. ॲरेबिडॉप्सिस या मोहरीच्या कुलातील लहान वनस्पतीत एचएसपी-१०१ हे यांपैकी एक प्रथिन नसल्यास तिला उष्णतेचा सराव होऊ शकत नाही, हे २००० मध्ये सिद्ध झाले.

सरावाला येथे फार महत्त्व आहे. सोयाबीनची जी रोपे ४५° से. तापमानात दोन तास ठेवल्यास मरतात, तीच आधी काही काळ ४०° से. तापमानात ठेवलेली असल्यास जगतात. सरावाच्या काळात उष्माघात प्रथिनांचा साठा होतो व पटलांतील मेदाम्लांचे स्वरूप बदलून ती कमी प्रवाही बनतात. हा सराव काही दिवसांनी ओसरतो. यावरून शेतकऱ्यांच्या अनुभवाची संगती लागते : मेमध्ये झाड जेवढा ताप निमूटपणे सोसते, तेवढाच ताप फेब्रुवारीत वा मार्चच्या आरंभी अचानक आला, तर पीक होरपळते.

काही वनस्पतींची सहनशक्ती सहजीवनातून आलेली असते. अमेरिकेतील यलोस्टोन राष्ट्रीय उद्यानात गरम झऱ्यांलगतच्या जमिनीत एक गवत वाढते. त्याच्या शरीरात कर्व्ह्युलॅरिया वंशातील कवक असते. गवत व कवक वेगवेगळे वाढविल्यास दोन्हीही सुमारे ३८° ते ४०° से. च्या पलीकडे टिकत नाहीत, परंतु एकत्र असताना ती ६५° से. पर्यंत तापलेल्या जमिनीतही जगतात. २००७ मध्ये असे आढळले की, त्या कवकात एक विषाणू असेल तरच हे संरक्षण मिळते.

फुलोऱ्याची नाजूक अवस्था : पाने व खोड यांच्या तुलनेने प्रजोत्पादक अवयव पुष्कळच नाजूक असतात. त्यांतही पराग सर्वांत दुबळा असतो. परागकोशात न्यूनीकरण विभाजन (गुणसूत्रांची संख्या निम्मी करणारे विभाजन) चालू असताना उष्णता वाढल्यास परागांचे पोषण करणारा थर बिघडतो व पराग वांझ निपजतात. पुढे परागकोश न फुटणे, पराग किंजल्कावर न रुजणे असे दोषही उद्‌भवतात. वनस्पती हिरवीगार दिसते, परंतु दाणा भरत नाही. म्हणून पिकाच्या दृष्टीने महत्त्वाची मर्यादा पान मरण्याची नसून फूल वांझ होण्याची असते आणि ती पहिलीहून सुमारे १०° से. किंवा त्याहूनही खाली असू शकते.

भाताचे फूल साधारणपणे सकाळी तासभरच उमललेले असते. या वेळी तापमान सुमारे ३५° से. हून अधिक झाल्यास लोंबीतील अनेक दाणे पोचट राहतात, हे टी. साताके व एस. योशिदा यांनी फिलिपीन्समधील आंतरराष्ट्रीय भात संशोधन संस्थेत १९७८ मध्ये दाखविले. या बाबतीतही पाण्याचे महत्त्व दिसते. कोरड्या हवेत व भरपूर पाण्यात उभ्या असलेल्या भाताची लोंबी बाष्पोच्छ्वासाने हवेहून कित्येक अंशांनी थंड राहते. दमट हवेत मात्र बाष्पीभवन मंदावल्याने तुलनेने कमी तापमानही घातक ठरते. यामुळे केवळ तापमापकावरील आकड्यावरून पिकाच्या हानीचा अंदाज बांधणे चुकीचे ठरते.

रात्रीची उष्णताही उपेक्षणीय नाही. रात्री प्रकाशसंश्लेषण होत नाही, श्वसन मात्र चालू असते; रात्र जितकी उबदार तितके दिवसा कमावलेले अन्न अधिक जळते. वरील संस्थेच्या शेतावरील १९७९–२००३ या काळातील नोंदींवरून २००४ मध्ये असे अनुमान काढण्यात आले की, कोरड्या हंगामात सरासरी किमान तापमान १° से. ने वाढल्यास भाताचे उत्पादन सुमारे १० टक्क्यांनी घटते. टोमॅटोच्या झाडांतही रात्री उबदार झाल्या की, फूलगळ वाढते.

गव्हाच्या बाबतीत दाणे चिकात असण्याचा काळ महत्त्वाचा आहे. या काळात उष्णता वाढल्यास दाणा भरण्याचे दिवस कमी होतात, स्टार्च तयार करणारे एंझाइम मंदावते व दाणे बारीक, सुरकुतलेले राहतात. भारतात मार्च २०२२ मधील सरासरी कमाल तापमान १९०१ पासूनच्या नोंदींत सर्वाधिक ठरले. उत्तर भारतातील गहू नेमका याच अवस्थेत होता. उत्पादनाचे अंदाज खाली आणावे लागले व १३ मे २०२२ रोजी भारत सरकारने गव्हाच्या निर्यातीवर बंदी घातली. झाडे मेली नव्हती; केवळ दाणा नीट भरला नव्हता.

व्यावहारिक उपाय : शेतीतील उपाय वर सांगितलेल्या तत्त्वांवरच आधारलेले आहेत. गव्हाची पेरणी वेळेवर करून दाणे भरण्याचा काळ थंडीत आणणे हा सर्वांत स्वस्त उपाय होय. हा एक प्रकारे उष्णता चुकविण्याचाच मार्ग आहे. उन्हाच्या लाटेपूर्वी हलके पाणी दिल्याने पिकाचा बाष्पोच्छ्वास चालू राहतो. काडीकचऱ्याच्या आच्छादनाने जमीन कमी तापते व ओल टिकते. उघड्या रेताड जमिनीचा पृष्ठभाग दुपारी ६०° से. च्या वर जाऊ शकतो व कोवळ्या रोपांची खोडे जमिनीलगत भाजून रोपे कोलमडतात. अशा वेळी आच्छादन विशेष उपयुक्त ठरते. जळगाव भागात केळीच्या बागांभोवती उष्ण वारे अडविण्यासाठी शेवरीसारख्या झाडांची कुंपणे लावतात. संत्र्याच्या झाडांच्या खोडांना चुन्याचा लेप देणे, फळांवर केओलिनाची (पांढऱ्या मातीची) फवारणी करणे आणि रोपवाटिकांवर सावलीची जाळी घालणे हे परावर्तनाचे व सावलीचे उपाय आहेत.

प्रजननाच्या मार्गाने सहनशील वाण तयार करण्याचे कामही चालू आहे. नगिना-२२ हा भारतीय भाताचा जुना वाण फुलोऱ्याच्या वेळी उष्णता सोसण्यासाठी प्रसिद्ध असून अनेक देशांत संकरासाठी वापरला जातो. ओरायझा ऑफिसिनॅलिस या रानटी भाताचे फूल पहाटेच्या सुमारास लवकर उमलते. हा गुण लागवडीच्या भातात आणल्याने परागण ऊन चढण्यापूर्वी उरकते. असे वंश २०१० च्या सुमारास तयार करण्यात आले. वनस्पतीला तापमानाची जाणीव कशी होते, यावरही प्रकाश पडला आहे : प्रकाश ओळखणारे फायटोक्रोम-बी हे रंगद्रव्य तापमानाचीही नोंद घेते, असे २०१६ मध्ये आढळून आले.

अरण्यांना मात्र पेरणीची तारीख बदलता येत नाही. २०२३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका पाहणीनुसार उष्ण कटिबंधीय वृक्षांच्या पानांतील प्रकाशसंश्लेषणाची यंत्रणा सरासरी ४६.७° से. तापमानाला कोलमडते आणि अशा मर्यादेपलीकडे तापणारी पाने सुमारे ०.०१ टक्का एवढीच आहेत. प्रमाण अल्प असले, तरी माथ्यावरची पाने मेल्यास बाष्पोच्छ्वास घटतो, खालची पाने उघडी पडतात व तापू लागतात. वृक्षांच्या पिढ्या दीर्घ असल्याने निवडीने सहनशक्ती वाढण्याला वेळ लागतो. त्यामुळे पिकांच्या बाबतीत वाण व पाणी यांना जे महत्त्व आहे, तेच अरण्यांच्या बाबतीत जमिनीतील ओल आणि छताची अखंडता राखण्याला आहे.